दाणा कुणाच्या हातात?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो ‘वर्तनवाद आणि आपला समाज’. नाव ऐकून काहींना वाटलं असेल की आता गुरुजी दोन तास पकवणार. तसं होणार नाही. डी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पेपरात वर्तनवादाचं एक प्रकरण असायचं. पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर, स्किनरचं कबूतर. आम्ही ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरून गेलो. पुढे खेड्यातल्या शाळेवर नेमणूक झाली तेव्हा ध्यानात आलं की ते प्रकरण कुत्र्या-मांजरांचं नव्हतंच, ते आपल्या गावाचं होतं.

म्हणून सुरुवात अमेरिकेपासून न करता आपल्या खानदेशापासूनच करू.

गोष्ट १९२९ सालची. तेव्हा जळगाव म्हणजे पूर्व खानदेश आणि धुळे म्हणजे पश्चिम खानदेश. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एक समिती नेमली होती. स्टार्ट समिती या नावाने ती ओळखली जाते. परमपूज्य बाबासाहेब तिचे सभासद होते. खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे आणि आणखी एका सभासदाकडे आले. काम आटोपून मुंबईला परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायची होती. ते त्या गावी जाऊन परत आले. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या मंडळींनी मुक्कामाचा आग्रह धरला होता, म्हणून ते थांबले. स्टेशनावर हारतुरे झाले. पण निघायचं नाव कुणी घेईना. बाहेर भाड्याचे टांगे उभे, महारवाडा दोनेक मैलांवर, आणि तरी तासभर बाबासाहेब नुसते थांबून राहिले.

शेवटी एक टांगा आला. थोडं पुढे जातो न जातो तोच मोटारीवर आदळता आदळता वाचला. नदीवरच्या फरशीपाशी वळण होतं. तिथे घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आपटलं, आणि बाबासाहेब फरशीवर फेकले जाऊन बेशुद्ध पडले. घोडा आणि टांगा नदीत. बाबासाहेबांचा पाय मोडला. मागाहून कळलं ते असं, की एकही टांगेवाला अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्या लोकांना बाबासाहेबांनी पायी यावं हे पटेना. मग तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला, ज्याने जन्मात कधी टांगा हाकला नव्हता. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये लिहून ठेवली आहे.

आता धम्मबांधवांनो, या टांगेवाल्याकडे जरा नीट पाहा. भाड्याचा पैसा त्याला नको होता का? हवाच होता, टांगा त्याने भाड्याने दिलाच. फक्त लगाम धरायला तो तयार नव्हता. समोरचा माणूस बॅरिस्टर, सरकारी समितीचा सभासद, आणि हा रोजंदारीवर पोट भरणारा. तरी मान कुणाचा मोठा? टांगेवाल्याचा! हे कसं घडतं? आपण पटकन म्हणतो, ‘त्याच्या मनातच जात होती.’ खरं आहे. पण मनात आली कुठून, आणि टिकली कशावर? इथे वर्तनवाद उपयोगी पडतो.

वर्तनवाद म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. जॉन वॉटसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक व्याख्यान दिलं आणि हा वाद मांडला. योगायोग पाहा, त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब शिकायला त्याच विद्यापीठात पोचले. वॉटसनचं म्हणणं असं की माणसाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधत बसू नका. तो कसा वागतो ते पाहा. वागण्याआधी त्याच्यासमोर काय आलं आणि वागल्यानंतर त्याला काय मिळालं, याची नोंद करा. आमच्या पुस्तकात याला अभिसंधान असा जड शब्द होता. आपण त्याला ‘सवय जडवणं’ म्हणू.

वॉटसनने १९२० साली आपली सहकारी रोझाली रेनर हिच्यासोबत अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलावर प्रयोग केला. मूल पांढऱ्या उंदराला भीत नव्हतं, उलट हात लावायला जायचं. मग उंदीर पुढे आला की मुलाच्या मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा. मूल दचकून रडायचं. असं काही वेळा झालं आणि नुसता उंदीर दिसला तरी मूल रडू लागलं. पुढे ते सशाला भ्यालं, केसाळ कोटालाही भ्यालं. प्रयोग क्रूर होता, आज कुणी करू देणार नाही. पण त्यातून एक गोष्ट दिसली. भीती आणि शिसारी रक्तातून येत नाही, ती शिकवता येते. एका वस्तूची शिकवली की तिच्यासारख्या दहा वस्तूंना चिकटते.

आम्ही शाळेवर होतो तेव्हाचं सांगतो. पाण्याचा माठ व्हरांड्यात असायचा, बाजूला ग्लास. आपल्या वस्तीतला दुसरीतला एक पोरगा ग्लासाला हात न लावता ओंजळ धरून उभा राहायचा. कुणीतरी वरून पाणी घालावं म्हणून. एक दिवस आम्ही विचारलं, “कोनी शिकाडं रे तुले?” तो म्हणे, “कोनीच नही.” आणि पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला कुणी बसवून धडा दिला नव्हता. कधीतरी ग्लासाकडे हात गेला असेल आणि कुणाच्या तरी कपाळावर आठी पडली असेल, एवढंच. अल्बर्टच्या मागे हातोडा वाजला होता, इथे आठी पुरली.

यावर उपायही वर्तनवादानेच दाखवला. मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या, सशाला भिणाऱ्या मुलाची भीती घालवली. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि ससा लांब ठेवायचा; रोज थोडा जवळ आणायचा. सोबत सशाला न भिणारी मुलं बसवायची. आम्हीही त्या पोराच्या बाबतीत तसंच केलं. भाषण दिलं नाही. सगळ्या वर्गाला मिसळून रांगेत उभं केलं, त्याच्यानंतर त्याच ग्लासाने आम्ही पाणी प्यायलो, आणि महिनाभर हे चाललं. एके दिवशी पोराने स्वतःहून ग्लास उचलला. त्या दिवशी आम्हाला जे वाटलं ते कुठल्या पगारवाढीने वाटलं नाही.

आता स्किनरकडे येऊ. बी. एफ. स्किनर हा वर्तनवादाचा सगळ्यांत मोठा माणूस. त्याने पेटीत कबूतर ठेवलं. कबुतराने ठराविक ठिकाणी चोच मारली की दाणा पडायचा. दाणा मिळतो म्हटल्यावर कबूतर चोच मारतच राहायचं. दाणा देणाऱ्याच्या मनासारखं ते गोल फिरायला शिकायचं, मान उंचवायला शिकायचं. पण यात एक गोम आहे, ती लक्षात ठेवा. प्रयोगाआधी कबुतराला उपाशी ठेवून त्याचं वजन नेहमीच्या साधारण ८० टक्क्यांवर आणत असत. कारण पोट भरलेलं कबूतर दाण्यासाठी चोच आपटत नाही!

बंधूंनो, आपल्या बापजाद्यांचं वतन म्हणजे दुसरं काय होतं? खळ्यावरचं बलुतं, दारोदार मागितलेली भाकर. दाणा गावाच्या हातात, म्हणून वागणूकही गावाच्या हातात. जोहार घातला की भाकर पडायची. मान वर केली की भाकर बंद. आणि पोट कधी पूर्ण भरू द्यायचं नाही, ही काळजी गाव घेतच होतं. बाबासाहेबांनी १९२८ सालीच महार वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणलं, ते उगाच नव्हे. आधी दाणा देणाऱ्याच्या मुठीतून सुटा, हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि बहिष्कार? तो या पेटीचं झाकण. स्टार्ट समितीचा अहवाल १९३० साली आला. त्यात स्पष्ट नोंद आहे की आपले लोक हक्क बजावू लागले की त्यांची कुळाची जमीन जाते, मजुरी बंद होते, वाण्याचं दुकान बंद होतं, वहिवाटीचा रस्तासुद्धा बंद होतो. कारण काय, तर कुणी विहिरीवर पाणी भरलं, कुणी चांगले कपडे घातले, कुणी नवरदेव घोड्यावर बसवला. समितीने या हत्याराहून परिणामकारक हत्यार आपल्याला माहीत नाही असाच निर्वाळा दिला. कारण बहिष्काराला हात उगारावा लागत नाही. तो नुसता दाणा थांबवतो.

पण टांगेवाल्याला विसरू नका. बहिष्काराचा धाक फक्त आपल्याला नसतो, तो त्यालाही असतो. त्याने टांगा हाकला असता तर स्टँडवरच्या बाकीच्यांनी त्याला काय म्हटलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. म्हणजे दाणा आणि दंड दोन्ही बाजूंना बांधलेले. वरून खालपर्यंत प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहे, म्हणून प्रत्येकाला जातीतून थोडासा का होईना मान मिळतो. बाबासाहेब याला चढत्या भाजणीची विषमता म्हणत. थोड्या थोड्या दाण्यावर अख्खा समाज पाळता येतो, ही त्यातली मेख आहे.

स्किनरचं आणखी एक निरीक्षण सांगतो. रोज मिळणारा दाणा एकाएकी बंद केला, तर कबूतर लगेच गप्प बसत नाही. आधी ते जास्त जोराने चोच मारतं, पंख आपटतं. जोहार हा गावाला मिळणारा दाणा होता. आपल्या लोकांनी जोहार सोडला, आणि कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी रूढ केलेला जय भीम म्हणायला सुरुवात केली, तेव्हा गावाचा दाणा बंद झाला. मग गाव चवताळलं. अत्याचार झाला की काही जण आपल्यालाच सांगतात, ‘तुम्ही जरा नमतं घ्यायला हवं होतं.’ त्यांना सांगा, इथे नमतं घेणं म्हणजे पुन्हा दाणा टाकणं. त्याने त्रास थांबत नाही, उलट चवताळल्यावर दाणा मिळतो हे गाव शिकतं.

म्हणून कायदा लागतो. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा मंजूर झाला आणि २०१७ च्या जुलैपासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो जातपंचायतींनाही लागू आहे. पण नुसत्या शिक्षेवर विसंबू नका. शिक्षेने वागणूक दबते, ती मरत नाही, असं स्किनरच सांगून गेला. हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत गावोगाव पहाटे ‘गुड मॉर्निंग पथकं’ फिरायची, आठवतं ना? पथक आलं की लोक लोटा लपवायचे, पथक गेलं की कित्येक ठिकाणी पुन्हा तेच.

आता थोडं कडू. अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मेयर यांनी १९६७ साली कुत्र्यांवर प्रयोग केले. काहीही केलं तरी विजेचा झटका थांबत नाही असा अनुभव ज्यांना दिला, ती कुत्री पुढे सुटायची वाट समोर असतानाही पडून राहिली. याला ‘शिकलेली लाचारी’ म्हणाले. पण पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी आपलं म्हणणं सुधारलं. लाचारी शिकावी लागत नाही. सततच्या त्रासात निपचित पडणं हे आपोआप घडतं. शिकावं लागतं ते उलट, की परिस्थिती माझ्या हातात येऊ शकते. हे वाचलं तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे महाड आलं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याने कुणी अमर झालं नाही. पण हजारो माणसं आपल्या पायांनी चालत गेली, आपल्या हाताने पाणी घेतलं, आणि आपल्या हाताने काही घडतं हे शिकली. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेबांनी महाडला आपल्या माताभगिनींना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जात दाखवणारे दागिने टाका, असं सांगितलं. घरी जाऊन लगेच करता येण्यासारखी गोष्ट सांगितली.

मग वर्तनवाद हेच औषध म्हणायचं का? नाही. त्याचं एक म्हणणं आपल्याला जवळचं आहे. निरोगी मूल कुणाचंही असो, त्याला हवं तसं घडवता येतं, जन्माला महत्त्व नाही, असा वॉटसनचा दावा होता. वसल सुत्तात तथागतांनी माणूस जन्माने नव्हे तर कर्माने हीन वा श्रेष्ठ ठरतो असं सांगितलं आहे. बुद्धांनी हे शास्त्र आधीच सांगून ठेवलं होतं असं म्हणून आम्ही टाळ्या घेणार नाही, कारण पुढे वाटा फुटतात. १९७१ साली स्किनरने ग्रंथ लिहून मांडलं की स्वातंत्र्य आणि मान या जुन्या कल्पना बाजूला ठेवा आणि शास्त्रीय पद्धतीने समाजाची वागणूक घडवा. नोम चॉम्स्कींसारख्या विचारवंतांनी त्यावर कडाडून टीका केली. आपला प्रश्न साधा आहे : घडवणारा कोण? दाण्याची पिशवी कुणाच्या हातात? गावाच्या हातातून काढून ती कुण्या शहाण्याच्या हातात दिली, तर आपण कबूतरच राहिलो ना!

वॉटसन स्वतः पुढे जाहिरातीच्या धंद्यात गेला. आज निवडणुकीत काय चालतं? पाच वर्षं उपाशी, शेवटच्या आठवड्यात पाकीट आणि मटण. एखाद्या समाजाचं नाव घेतलं की भीती, झेंड्याचा रंग दिसला की राग. हातोडा वाजतोच आहे. खिशातल्या मोबाइलवर मागची पोरं या भाषणात किती वेळा अंगठा फिरवून गेली, आम्ही पाहिलं. कधी दाणा पडतो, कधी नाही. असा अधूनमधून पडणारा दाणाच सवय सगळ्यांत घट्ट करतो, हेही स्किनरनेच दाखवलं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेपासून सावध केलं होतं. तो इशारा आपल्या पुढाऱ्यांनाही लागू आहे, आणि त्यांच्या मागे धावणाऱ्या आपल्यालाही.

वॉटसन म्हणाला, मन सोडा, वागणं पाहा. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ मध्ये सांगितलं की जातीचं मूळ लोकांच्या धारणेत आणि त्या धारणेला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांत आहे. तिथवर गेल्याशिवाय नुसत्या सहभोजनांनी ती जाणार नाही. आज पाहा ना, जळगावात काय नि धुळ्यात काय, हॉटेलात कप एकच आहे, पण लग्नाची सोयरीक? म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ च्या २२ प्रतिज्ञांत काय मानायचं नाही हेही आहे आणि कसं वागायचं हेही आहे. एकावाचून दुसरं टिकत नाही.

आपण रोज पंचशील घेतो. प्रत्येक शिलाला ‘सिक्खापद’ म्हटलं आहे. सिक्खा म्हणजे शिकणं, सराव. म्हणजे शील हाही सवयीचाच मार्ग आहे. पण तो दाण्यासाठी नाही आणि दंडाच्या भीतीनेही नाही. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटलं. समजून, ठरवून, स्वतःहून पत्करलेली सवय म्हणजे शील. कबुतराला हे जमत नाही. माणसाला जमतं. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या आठवणीने आपण जातो. सवयीने जातो की चेतनेने जातो, एवढं प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

शेवटी पुन्हा चाळीसगावच्या फरशीवर. टांगेवाल्याला दोष देऊन बाबासाहेब थांबले नाहीत. त्यांनी आपल्याही लोकांना सुनावलं : माझा मान राखण्याच्या नादात तुम्ही माझा जीव धोक्यात घातला, माणूस सुखरूप पोचणं जास्त महत्त्वाचं, हे विसरलात. हे आपल्या फार जिव्हारी लागायला हवं. त्या दिवशी हाकणाऱ्याची माया कमी नव्हती, सराव नव्हता. आज जयंतीची मिरवणूक मोठी, डीजे मोठा, बॅनरवर फोटो मोठे. मान झाला. पण अभ्यासिकेत रात्री दहाला किती दिवे असतात? पोटजातीबाहेर मुलगी देणाऱ्या घरावर आपल्यातलेच काही जण अबोला धरतात, तो बहिष्कार नव्हे तर काय? ज्या हत्याराने आपल्याला मारलं ते आपणच धार लावून ठेवायचं का?

म्हणून समितीला आमची तीन मागणी. दर रविवारी विहारात मुलांचा वर्ग भरवा आणि त्यात शेजारच्या सगळ्या वस्त्यांतली, सगळ्या जातींची मुलं एका रांगेत बसवा. पीटरच्या शेजारी न भिणारी मुलं हवीत. दुसरं, कुणी आंतरजातीय वा पोटजातीबाहेर लग्न केलं तर पहिला सत्कार याच विहारात होऊ द्या; चांगल्या वागण्यालाही दाणा लागतो, आणि तो आपण एकमेकांना उघडपणे द्यावा. तिसरं, बहिष्काराचा कायदा काय आहे, तक्रार कशी लिहायची, हे इथे शिकवा.

टांगा आता आपला आहे, घोडाही आपला आहे. लगाम धरायचा सराव तेवढा आपल्याला करायचा आहे.